मोल्टला बसलेला माणूस

दिगंबर सकाळी चहा न घेताच मोल्टला बसला. रेशमाच्या शेडमध्ये, खालच्या रॅकवर अळ्यांच्या शेजारी त्याने जागा केली, मान वर उचलली आणि तशीच धरून ठेवली. कात टाकायच्या आधी अळी खाणं सोडून अशीच निश्चल होते, त्याला मोल्ट म्हणतात. प्रयागला, त्याच्या बायकोला, याचं फारसं नवल वाटलं नाही. गावातले नवरे या ना त्या कारणाने कुठे ना कुठे बसलेलेच असतात. हा निदान घरच्या शेडमध्ये बसला होता.

मोल्टचे नियम तिला पाठ होते. पाला बंद, हात लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही. तिने त्याच्याभोवती चुना भुरभुरला. दुपारपर्यंत त्याची कातडी मातकट आणि तंग झाली, मिशी जागच्या जागी सैल पडली.

चूक दुसऱ्या दिवशी झाली. अळ्यांनी कात टाकली आणि त्या डोकी हलवत पाला मागू लागल्या. रॅकवरचं झाडून सगळं जागं झाल्याशिवाय पाला टाकायचा नसतो. नाहीतर पुढे गेलेल्या अळ्या खाऊन फुगतात आणि मागे राहिलेल्या कायमच्या मागे राहतात. पण प्रयागला ती भुकेली तोंडं बघवेनात. तिने तुतीच्या फांद्या टाकल्या. करकर खाण्याने शेड भरून गेली. अळ्या आधी दिगंबरच्या बोटाएवढ्या झाल्या, मग मनगटाएवढ्या. त्यांना जागा पुरावी म्हणून रॅक लांब होत गेला आणि दिगंबर सरकत सरकत पार टोकाला गेला. तिकडून तो तान्ह्या मुलाएवढाच दिसत होता.

तेवढ्यात सासू टोपली घेऊन आली. केसरबाईंनी लेकाकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"मागं राहिलेलं वेचून टाकावं लागतं," त्या म्हणाल्या. "चुन्याच्या खड्ड्यात. न्हाईतर रोग पसरतो."

"आत्याबाई, तुमचा ल्योक हाये तो."

"म्हणूनच मी आले. दुसऱ्याला कामून लावायचं?"

प्रयाग टोपलीच्या आडवी उभी राहिली आणि तिने रेशीम केंद्रातल्या शेजूळ मॅडमना फोन लावला. मॅडम आल्या, रॅकच्या टोकापर्यंत चालत गेल्या. तिथे जायला त्यांना बराच वेळ लागला. दिगंबरच्या मानेमागे कातडी उसवली होती. त्या फटीत दुसरी मान होती, पांढरी, ओली, आणि ती श्वास घेत होती.

"नवी कात तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "नुसता जोर लावायचा राहिलाय."

"मंग लावीत कामून न्हाईत?"

"जोर लाव म्हणून निरोप यावा लागतो, ताई. तो रक्तातून जातो. पेशीपेशीच्या दारावर त्याच्या मापाची खाच असते. तिथे तो बसला की अंग आपोआप आकसतं, ढकलतं, बाहेर येतं. मनाला कुणी विचारत नाही. तुम्ही पाला टाकलात, तेव्हा शेडमधला सगळा निरोप अळ्या खाऊन बसल्या. यांच्या वाट्याला उरलाच नाही."

मॅडमनी पर्समधून काचेची कुपी काढली. तळाशी एक थेंब होता.

"एवढ्याने यांचं भागणार नाही. पण निरोप मिळालेलं अंग आणखी निरोप तयार करतं. कुणीतरी आधी स्वतः घ्यायचा आणि यांना धरून बसायचं."

"मी घेते."

"तुमच्या कातडीखाली नवी कातडी आहे का?"

प्रयागने दंड चाचपून पाहिला. "न्हाई."

"मग नका घेऊ. निरोप ते बघत नाही. खाली काही असो नसो, अंग कात टाकणारच."

"वाळत चाललाय," केसरबाई म्हणाल्या. खरंच, फटीच्या कडा उन्हात ठेवलेल्या पापडासारख्या वळू लागल्या होत्या. ओली मान आता सावकाश श्वास घेत होती.

या माणसावर आपला इतका जीव आहे हे प्रयागला आजच कळत होतं, आणि इतक्या उशिरा कळावं याचा रागही येत होता. तिने थेंब जिभेवर घेतला. त्याला चव नव्हती.

ती रॅकवर चढली आणि तिने दिगंबरला घट्ट मिठी मारली. तिच्या टाचांपासून एक कळ निघाली, पोटऱ्या आवळत, कंबर आवळत वर चढली आणि त्याच्या अंगात शिरली. दिगंबर थरथरला. त्याचा जुना चेहरा मिशीसकट अखंड निघून खाली पडला. त्याच वेळी प्रयागची पाठ मणक्यावरून उसवली. दुखलं नाही. घामाने चिकटलेलं पोलकं काढावं तसा तिने एक हात बाहेर ओढला, मग दुसरा. बांगड्या कातेकडेच राहिल्या. तिने आपले हात बघायचा प्रयत्न केला. ते तिला सापडेनात.

दिगंबर बाहेर आला होता. ओला, गुलाबी, डोळे मिचकावत. समोर प्रयागची कात बसली होती, वेणी घातलेली, कुंकू जागच्या जागी. मॅडमनी मान वळवली. केसरबाईंनी तोंडाला पदर लावला.

"भूक लागली," दिगंबर कातेला म्हणाला. "प्रयाग, ऊठ की."

प्रयाग लगेच उठली. कात तशीच बसून राहिली, आणि दिगंबर तिच्या मांडीवर हात ठेवून वाट बघू लागला.