शेवंताचं अक्षर

शाळेच्या बातम्या घरोघर पोचवायची माझी एक पद्धत होती आणि त्या पद्धतीचा मला भारी गर्व होता. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर कौलांसकट खाली आलं, पण सापडली त्यात एक पोर. मला खरचटलंसुद्धा नाही.

पिंपळनेर सोडून डोंगराकडे आठ मैल गेलं की आमचं गाव लागायचं. साल एकोणनव्वद. शाळा एकशिक्षकी. एक खोली, चार वर्ग, वीस घरांतली एकतीस पोरं आणि मी. खेड्यातला मास्तर म्हणजे सरकारचा हरकाम्या गडी. मतदार याद्या त्यानं कराव्यात, अल्पबचतीची खाती त्यानं काढावीत, कुटुंब नियोजनाच्या केसेस त्यानंच हुडकून आणाव्यात. एवढं करून दिवस उरलाच तर शिकवावं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. तेव्हा मात्र हेच रडगाणं मी जो भेटेल त्याला ऐकवायचो आणि स्वतःला माफ करून टाकायचो.

तर माझी पद्धत. दर शनिवारी सकाळी फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहायचो, 'पालकांना कळावे', आणि खाली येत्या आठवड्याच्या बातम्या. गुरुवारी नर्सबाई लस टोचायला येणार. बुधवारी सुकडीच्या खाऊचं वाटप, भांडं पाठवावं. सव्वीस जानेवारीला प्रभातफेरी, पोरांना आंघोळ घालून पाठवावं. लिहिता लिहिता मी मोठ्यानं म्हणायचो, पोरं माझ्यामागून एका सुरात म्हणायची. मग चौथीतली शेवंता त्याच्या वीस नकला काढायची. जुन्या मतदार याद्यांचे पाठकोरे कागद मी चौकोनी कापून ठेवलेले असत. घरोघर एकेक कागद जायचा, पोरगं तो घरात वाचून दाखवायचं, बाप खाली अंगठा उठवायचा आणि सोमवारी कागद परत यायचा. वीसपैकी एकोणीस अंगठे. विसावी सही पोलीसपाटील पितांबरनानांची, लांबलचक आणि खाली दोन रेघा मारलेली.

शेवंताचं अक्षर म्हणजे काय सांगू! छापल्यासारखं म्हणतात तसं नव्हे, त्याहून गोड. काना सरळ, वेलांटी गोल, ओळ कुठे वर नाही, खाली नाही. दुसरीत असतानाच तिचं हे अक्षर मी हेरलं. पिंपळनेरच्या बाजारातून तिला शाईचा पेन आणून दिला. तेव्हापासून भिंतीवरचे सुविचार ती लिहायची, तक्ते ती लिहायची, हजेरीवरची नावं तिची, साक्रीला तालुक्याच्या कचेरीत पाठवायच्या अहवालाची स्वच्छ प्रतसुद्धा तिची. मी कच्चं लिहून द्यायचो, ती खाली मान घालून उतरवून काढायची. एकदा तपासणीला आलेले साहेब तो कागद हातात धरून म्हणाले, "गुरुजी, ही पोर तुमच्या शाळेचं भूषण आहे." त्यांनी तो कागद घडी करून नेला. मी आठवडाभर हवेत होतो.

तिचा बाप भिकन. दिवाळी झाली की घराला कुलूप लावून बायकोसह गुजरातेत ऊसतोडीला जायचा आणि होळीला परत यायचा. मागं शेवंता चुलत्याकडे राहायची. चौथीपर्यंत शाळा गावात होती म्हणून तिचं निभलं. पुढं पाचवी नाही. दिवाळीनंतर तिलाही उसाच्या फडात न्यायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. अकराव्या वर्षी मोळ्या बांधायच्या आणि चौदाव्या वर्षी नवऱ्याबरोबर कोयता धरायचा. माझ्यासमोर चार पोरी अशा गेलेल्या होत्या.

त्यातच धुळ्याहून पत्र आलं. तिथल्या देवपूर भागात एका संस्थेनं मुलींचं वसतिगृह काढलं होतं. पाचवी ते दहावी राहणं, जेवण, शाळा, सगळं फुकट. तालुक्यातून दोन मुली घेणार होते. परीक्षा म्हणून काही मोठी नव्हती, चौथीच्या मानानं वाचून दाखवायचं आणि चार गणितं तोंडी. मी पत्र वाचलं आणि मांडीवर थाप मारली. आमचं भूषण असताना दुसरी मुलगी शोधायची कशाला!

भिकनला मी सुरतेकडच्या त्याच्या फडावर निरोप पाठवला. तो होळीच्या आठ दिवस आधी, मुकादमाच्या शिव्या खाऊन आला. ओट्यावर बसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगतस म्हणीसन ऊनू. आंडेरनं भलं व्हत व्हई तं एक कोयता कमी. चालाडी लिसू." लेकीचं भलं होत असेल तर फडावरची मजुरी बुडाली तरी तो चालवून घेणार होता.

मंगळवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. शेवंतानं डोक्याला चापूनचोपून तेल लावलेलं, दप्तरात तोच शाईचा पेन. साक्रीला एसटी बदलली. पांझरा नदी ओलांडून देवपुरात शिरलो तेव्हा ती खिडकीशी बसून दुकानांच्या पाट्या बोटानं हवेत गिरवत होती. मला केवढं कौतुक वाटलं! भिकनला कोपरानं ढोसून मी दाखवलंही.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई प्रेमळ होत्या. आम्हा दोघांना त्यांनी खोलीतच बाकावर बसवलं. शेवंताला जवळ घेतलं, नाव विचारलं, चौथीचं पुस्तक उघडून दिलं. शेवंतानं पानावरचं चित्र बघितलं आणि धडा धडाधड म्हणायला सुरुवात केली. कुठे अडखळणं नाही. भिकनचं तोंड उघडंच राहिलं. माझी छाती फुगली. बाईंनी मधेच पान उलटलं, तरी शेवंता मागच्याच पानावरचं म्हणत राहिली.

बाईंच्या ते ध्यानात आलं. मला वाटतं, त्याच क्षणी माझ्याही आलं, पण मी ते आत येऊ दिलं नाही.

बाईंनी पुस्तक मिटलं आणि टेबलावरचं दुसरंच एक गोष्टीचं पान पुढं केलं. "हे वाच बाळ. सावकाश."

शेवंतानं पान उलटंपालटं करून बघितलं. "यावर चितर नई शे," ती म्हणाली.

"चित्र नसू दे. अक्षरं आहेत ना?"

शेवंतानं माझ्याकडे बघितलं. घाबरून नव्हे. गुरुजी आता मोठ्यानं म्हणतील आणि मागून आपण म्हणायचं, अशी वाट बघत होती ती. मी काही म्हणेना, तेव्हा तिला वाटलं आपल्याला कामच कळलं नाही. ती हसली आणि दप्तरातून पेन काढला. "मी लिखी देऊ का?"

बाईंनी मान हलवली. तिनं ते पान कागदावर उतरवलं. आठ ओळी, एक काना चुकला नाही. बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून हळूच विचारलं, "छान. आता सांग, तू काय लिहिलंस?"

"गुरुजी सांगतीन," शेवंता म्हणाली.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. धरणी कशाला घेते! बाईंनी शेवंताच्या हातावर साखरफुटाणे ठेवले आणि मला एवढंच म्हणाल्या, "चार वर्षं ती तुमच्याकडेच होती ना?"

होती. माझ्याकडेच होती. बाकीची पोरं वाचत असत, म्हणजे निदान मी वाचा म्हणत असे, तेव्हा ही कोपऱ्यात बसून माझे कागद लिहीत असे. तिला वाचता येतं का हे मी एकदाही तपासलं नाही. एवढं सुंदर लिहिणाऱ्याला असलं काय विचारायचं? ती अक्षरं लिहीत नव्हती, अक्षरांची चित्रं काढत होती. मी तिला शिकवलं नव्हतं, वापरलं होतं.

बाहेर आल्यावर भिकन मला म्हणाला, "गुरुजी, ज्याले लिखता येस त्याले वाचता येसच ना?"

मी एसटीच्या चौकशीला पुढं निघालो. बोलायची वेळ तीच होती. एसटीत साक्री जवळ आली तसा, चार वर्षं शाळेत केलंस काय म्हणून, तो पोरीवर तुटून पडला. "चार साल शायमा काय कयं वं तू? गुरुजीस्नं नाक कापं! मन्ही मजुरी बुडनी!" शेवंता हुंदके देऊन रडत होती. साखरफुटाणे तिच्या मुठीत विरघळून बोटं चिकट झाली होती. गाडीतली माणसं वळून बघत होती. आणि मी, शिक्षक, खिडकीतून बाहेर बघत बसलो. माझ्यासारखा भेकड माणूस त्या गाडीत दुसरा नव्हता.

चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारी सकाळी मी शाळा उघडली आणि फळ्यावर लिहिलं. या वेळी तोंडातून शब्द काढला नाही.

'पालकांना कळावे. मंगळवारी देवपूरला शेवंता भिकन सोनवणे नापास झाली. चूक तिची नाही, माझी आहे. चार वर्षे मी तिला वाचायला शिकवले नाही, तिच्याकडून माझी कामे लिहून घेतली. येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता सर्व पालकांनी शाळेत येऊन मला जाब विचारावा.'

शेवंता आली होती. डोळे सुजलेले, पण आली होती. तिनं न सांगता कागद घेतले, फळ्याकडे बघून लिहायला बसली. स्वतःचं नाव तिनं वीस वेळा लिहिलं, त्यापुढं 'नापास' वीस वेळा लिहिलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. थांबव तिला, असं मनात येत होतं आणि मी थांबवलं नाही. दुपारी गठ्ठा माझ्यापुढं ठेवून तिनं विचारलं, "गुरुजी, अक्षर बरं शे ना?"

"बरं आहे," मी म्हणालो. कागद वाटले गेले.

सोमवारी मी साडेसातलाच शाळेच्या दारात उभा राहिलो. धुतलेले कपडे घातले होते. माणसं शिव्या देतील, कदाचित कोणी हात उचलेल, उचलू दे, असं ठरवून आलो होतो. खरं सांगतो, मला ते हवंच होतं. आठ वाजले, साडेआठ वाजले. गावात होळीची लाकडं ओढायचा कल्ला चालला होता. शाळेकडे मोठं माणूस एकही फिरकलं नाही.

पोरं आली आणि रोजच्यासारखे कागद टेबलावर ठेवत गेली. प्रत्येक कागदाखाली अंगठा. मी तिसरीतल्या निंबाला धरून विचारलं, "घरी काय वाचून दाखवलंस?"

तो घडाघडा म्हणाला, "नखं कापाना, आंग धवाडाना, टायमावर धाडाना."

त्याच्या शेजारच्या वनाला विचारलं, त्यानं नर्सबाई सांगितली. चौथीतल्या दुसऱ्या दोघांना विचारलं, त्यांनी सुकडी सांगितली. फळ्यावरचं मी जे मोठ्यानं म्हणायचो तेच पोरं घरी जाऊन म्हणायची. या वेळी मी गप्प राहिलो होतो, म्हणून ज्याला जे आठवलं ते त्यानं वाचलं. वाचता न येणारी एक शेवंताच नव्हती. पितांबरनानांचा कागद तर त्यांच्या लांबलचक सहीनं, खालच्या दोन रेघांसकट आला. नानांना वाचता येत होतं. चार वर्षांत त्यांनी एकही कागद वाचला नव्हता, एवढंच. मलाच जर माझ्या शाळेत काय चाललंय ते बघावंसं वाटलं नाही, तर नानांना कुठल्या तोंडानं बोल लावू?

सगळ्यात शेवटी शेवंता आली. कागद पुढं करून खालच्या मानेनं म्हणाली, "बा नी सांगं, गुरुजीस्ले सांगजो, आम्हनी पोरनं चुकनं. राग धरू नका, माफ करी द्या."

मी कागद घेतला. 'चूक तिची नाही, माझी आहे,' आणि त्याच्या बरोबर खाली भिकनचा जांभळा अंगठा. ऊसतोडीनं चिरलेला, अर्धाच उठलेला.

ती जागेवर गेली नाही. माझ्याकडे बघत राहिली. गावाला मी जाब विचारायला बोलावलं होतं, त्यातली हीच एक आली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "त्यामा काय लिखेल व्हतं?"

बाकीची तीस पोरं बघत होती. सांगायला एवढंसंच होतं. शनिवारचं लिहिलेलं फळ्यावर अजून तसंच होतं; तिचं बोट धरून, एकेका अक्षरावर नेऊन सांगता आलं असतं. तिथूनच तिचं वाचणं सुरू झालं असतं कदाचित. पण ती डोळे न मिटता माझ्याकडे बघत होती.

"होळीची सुट्टी," मी म्हणालो. "दुसरं काय असणार."

देवपूरहून आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. चेहरा कसा उजळला! "मी घर तेच वाचं, गुरुजी! होळीनी सुट्टी! मंग माले वाचता येस ना?"

"येतं," मी म्हणालो.

ती उड्या मारत जागेवर गेली, आणि मी फळा पुसायला घेतला.