ठमीचा घास

सासूबाईंनी टोपलीवरचं फडकं अलगद काढलं. "घ्या, ही आमची ठमी. दुधात भिजवलेल्या पावावर वाढवलीय. एक दिवस उपाशी ठेवली नाही."

"आम्हाला ठेवलंय," सून म्हणाली.

माळाच्या कडेला कासवांसाठी बांधलेल्या त्या खोलीत हशा पिकला. माळाला आता कुंपण होतं, पण आत ठमीच्या जातीच्या माद्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या. ठमी मूळची तिथलीच. सरपणाला गेलेल्या नव्या नवरीने, म्हणजे सासूबाईंनीच, तिला हौसेने उचलून आणलं होतं. आज मोठ्या मनाने परत द्यायची, चार माणसं वाहवा करतील, असं त्या सकाळपासून मनात घोळवत होत्या.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठमीच्या पाठीवरून बोट फिरवलं. टेंगळंच टेंगळं. चोच पोपटासारखी वाकलेली. त्यांनी तिला कोपऱ्यात सोडलं. तिथे माळावरची एक मादी करकर गवत तोडत होती, पाठ घोटल्यासारखी गुळगुळीत. ठमी ते गवत तुडवत सासूबाईंच्या पायाशी आली आणि तोंड उघडून बसली.

आता कुणी हसलं नाही.

"पावामुळे का हो?" सासूबाईंनी विचारलं.

"मऊ खाऊन. चोच आम्ही घासून देऊ. पण गवत खायला लागली तरच माळावर सोडता येईल."

"मग मी रोज येते. माझ्या हातून खाईल."

"आजी, तुम्ही दिसलात की ती पावाचीच वाट बघणार."

सासूबाईंनी पिशवीत हात घातला. आत पावाचा तुकडा होता. तो त्यांनी मुठीत चुरगळला, जणू चोरीचा माल.

पुढे बरेच दिवस त्या फिरकल्या नाहीत. मग एकदा न राहवून सुनेला घेऊन गेल्या आणि खिडकीबाहेर भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. आत ठमी गवतापुढे बसली होती.

"अगंबाई, किती वाळली! ठ..."

सासूबाईंनी सुनेच्या तोंडावर हात दाबला. ठमीने मान उंचावून खिडकीकडे पाहिलं. सासूबाई झटकन खाली बसल्या, जमिनीवरच. बऱ्याच वेळाने आतून करकर आवाज आला.

"तीच का?" त्यांनी खालूनच विचारलं.

सुनेने डोकावून हो म्हणून मान हलवली. "बघा ना तुम्हीच."

"नको," म्हणत सासूबाई वाकूनच खिडकीखालून निघाल्या.