ऑफिसातला माणूस

सुकेशनीने पूर्णेच्या एका साप्ताहिकात सुरुवात केली होती. आता ती लिस्बनला राहून, जे वर्तमानपत्र लेख घेईल त्यासाठी लिहायची. गावी, चुडाव्यात, आई चांगुणाबाई एकटीच होती. एका दुपारी दारात अनोळखी माणूस आला.

“सुकेशनीच्या ऑफिसातून आलोय. तिचा तिकडचा पत्ता पाहिजे.”

चांगुणाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. लेकीला ना ऑफिस होतं, ना साहेब.

“थांबा, तिलाच विचारते,” म्हणत त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. तो चहा न घेताच स्टेशनकडे चालता झाला.

त्यांनी फोटो पाठवताच सुकेशनीचा फोन आला.

“आई, पूर्णेला मला बातमी लिहायला यांनीच शिकवलं. आता ते वाळूच्या कंत्राटदाराकडं असतात. मी त्याच्यावरच लिहायलेय.”

“मग लिही,” चांगुणाबाई म्हणाल्या. “पण घर बदल, अन् नवा पत्ता मलाबी सांगू नको.”