गार खोलीतले बेडूक

मी बेडूक सांभाळते. हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतो आणि मी त्याला हसू देते, कारण एकदा तोंड उघडलं की माझा पट्टा लवकर थांबत नाही. संशोधन संस्थेच्या मागच्या अंगाला एक गार खोली आहे. तिच्यात काचेच्या टाक्या आणि टाक्यांत अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक. पाठ मातकट, पोट पिवळं. ते एकाच ओढ्यात सापडायचे, दुसरीकडे कुठेच नाही. एका उन्हाळ्यात तो ओढा आटला, नुसती डबकी उरली, तेव्हा हाती लागले तेवढे बेडूक उचलून इथे आणले. म्हणजे ती अख्खी जात आता माझ्या खोलीत राहते.

त्यांना उचलून आणणारी माझी धाकटी जाऊ. ती इथेच शास्त्रज्ञ आहे. मी तिला डॉक्टरीणबाई म्हणते, ती मला ताई म्हणते आणि दिवसातून एकदा तरी आमचं वाजतं. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "थोरली बेडकांना भरवते, धाकटी त्यांच्यावर निबंध लिहिते, आणि माझी पोरं आपलं जेवण आपण गरम करून घेतात." खोटं नव्हतं ते. पोरं म्हणजे आमचे नवरे, दोघांचेही केस पिकलेत.

बेडकांचं मी डोळ्यांत तेल घालून करत आले. बारीक किडे मीच वाढवायचे, काचा मीच पुसायच्या. बेडूक आणले तेव्हा ओढ्याचं पाणी जेवढं गार होतं, तेवढंच गार ते टाकीत राहील हे बघायचं. वीज गेली की बाटल्यांतून बर्फ टाकत बसायचे. घरातला फ्रीज रिकामा करून बर्फ इथे आणला म्हणून एकदा पाहुण्यांना कोमट सरबत प्यावं लागलं. त्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत. माझे बेडूक टुणटुणीत होते, अंडी घालत होते.

गेल्या वर्षी त्यांची पहिली पिल्लं ओढ्यात सोडली. डबे मी भरून दिले, झाकणांना भोकंही मीच पाडली. सोडायला डॉक्टरीणबाई आणि तिची माणसं गेली. मी गेले नाही, खोली कोणाच्या भरवशावर टाकणार? काही आठवड्यांनी ती माणसं शोधायला गेली. दगड उलटे केले, कान देऊन बसली. एकही बेडूक सापडला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नको तिथे सोडलेत तुम्ही," मी म्हणाले. "उन्हात ठेवले असतील डबे. नाहीतर चहा पीत बसला असाल." ती गप्प ऐकून घेत होती, त्याचा मला आणखी राग आला. भांडणात समोरच्यानं गप्प बसणं ही शुद्ध लबाडी आहे.

या वर्षी अंडी फुटली आणि टाक्यांत शेपट्या वळवळायला लागल्या, तेव्हा ती खोलीत आली. दार लावून घेतलं. दार लावलं की मी समजते, काहीतरी गळ्यात पडणार आहे.

"ताई, या पिल्लांचं पाणी गरम करायचंय. हळूहळू, ओढ्याचं आता आहे तेवढं."

"मग मरतील ना."

"बरीच मरतील."

"आणि हे तू मला सांगतेस? मला?"

"जी उरतील ती तिथे जगण्याची शक्यता आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षीची सगळी गार पाण्यातली होती. आपण त्यांना थेट गरम पाण्यात नेऊन टाकलं. मोठे बेडूक गारच राहू देत, त्यांना मी हात लावत नाही. फक्त पिल्लं."

फक्त पिल्लं म्हणे. मी तिला काय काय बोलले ते इथे सांगत नाही, नात्यातली आहे. शेवटी म्हणाले, "ओढा गरम झाला हे तुझं यंत्र सांगतं. यंत्र बिघडलं असेल. माझ्या हातून हे होणार नाही."

"मग चला बघायला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेलो. गाडीत आम्ही एकमेकींशी बोललो नाही, ड्रायव्हर बिचारा आरशातून एकदा हिला बघायचा, एकदा मला. बेडूक आणायला डॉक्टरीणबाईबरोबर मीही या ओढ्यात उतरले होते, त्यानंतर आजच. तेव्हा आटलेल्या डबक्यातलंसुद्धा पाणी इतकं गार होतं की घोट्यापर्यंत पाय बधिर झाले होते आणि मी मोठ्यानं ओरडले होते. आज ओढा वाहत होता, दिसायला अगदी छान. डॉक्टरीणबाईनं पिशवीतून तिचं यंत्र काढलं. मी तिला म्हटलं, ठेव ते, आणि चपला काढून पाण्यात शिरले.

काही झालं नाही. पाय बधिर झाले नाहीत. आंघोळीला काढून विसरलेल्या बादलीतलं पाणी असतं ना, तसं होतं ते. मी सावलीत गेले. मोठ्या खडकाच्या पोटाशी हात घातला. जिथे खोल होतं तिथे साडी वर खोचून मांडीपर्यंत उतरले. कुठेतरी गार असेलच, या बाईला काय माहीत, असं म्हणत मी चालत राहिले. ती काठावर माझ्या चपला हातात धरून उभी होती. पाठीमागून एकदाही "बघा" म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

मग मी दगडावर बसले. इतकी वर्षं जिवाचं रान करून मी टाकीत जो ओढा सांभाळत होते, तो बाहेर नव्हताच. गेल्या वर्षी डबे भरताना मी त्या पिल्लांना म्हटलं होतं, जा, घरी जा. कोणत्या घरी पाठवलं मी त्यांना? मला रडू आलं आणि मी रडले. ती शेजारी येऊन बसली, पदर भिजतोय म्हणाली.

परत आल्यावर तिनं पाणी तापवायची कळ फिरवायला हात पुढे केला. मी तो बाजूला केला.

"ताई, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल."

"मी वाढवलीत. मी बाहेर थांबणार नाही."

रोज पाणी थोडं थोडं जास्त गरम केलं. सुरुवातीला काही वाटलं नाही, पिल्लं उलट जोरात खायला लागली, आणि मी मनात म्हटलं, बघ, उगाच घाबरत होतो. मग एका सकाळी दार उघडलं तर बरीच तळाशी पडलेली होती. पुढे रोजच. मी बारीक जाळीनं एकेक काढायचे आणि डॉक्टरीणबाई ती बाटल्यांत ठेवायची, त्यांचा अभ्यास करायचा असतो. एकदा तिला बाटलीचं झाकण बसवता येईना. मी तिच्या हातातून बाटली घेऊन झाकण लावलं. त्या दिवसांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. घरी नवरे धास्तावले. मला नीट जेवण जात नव्हतं आणि तिलाही.

उरली ती थोडी उरली. त्यांना पाय फुटले, शेपट्या गेल्या, पिवळी पोटं दिसायला लागली. कोमट पाण्यात ती आरामात बसून किडे गिळायची. मेलेल्यांची आठवण मला होती, त्यांना नव्हती.

या वेळी सोडायला मी गेले. डबे मांडीवर घेऊन बसले, एकदाही उन्हात ठेवले नाहीत. खडकाच्या सावलीत झाकण काढलं. बेडूक काठावर क्षणभर बसले, मग एकेक करून पाण्यात उतरले आणि दगडांच्या रंगात मिसळून गेले. डबा रिकामा झाला तरी मी त्यात बघत राहिले.

"आता जगतील ना गं?" मी विचारलं.

डॉक्टरीणबाईकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, आकड्यासकट. तिनं पाण्यात बोटं बुडवून बघितली.

"या पाण्यात जगतील असं वाटतं," ती म्हणाली. "पण ओढा अजून तापतोय, ताई. पुढचं मला माहीत नाही."

मी डब्याचं झाकण लावलं. तिचा हात धरून उठले.

"मग पुढच्या पिल्लांचं पाणी याहून जास्त गरम करावं लागेल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे वळून बघितलं. माझ्याच तोंडून हे निघालं, याचं मला फार वाईट वाटलं. पण मी ते मागे घेतलं नाही.