सहावी चकती

लॅबमध्ये मी सगळ्यांवर खेकसते म्हणे. म्हणू देत. अठरा वर्षं जंतू वाढवतेय, माणसांशी गोड बोलायला कधी शिकणार? घरी बोलायला एक आईच होती, आणि तिच्याशीही मी भांडतच असायचे.

तिला वरचेवर लघवीची जळजळ आणि ताप. या खेपेला नमुना मीच लावला. काचेच्या बशीत जंतू पसरायचे, वर सहा औषधांच्या सहा चकत्या ठेवायच्या. जे औषध लागू पडतं, त्याच्या चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. सकाळी झाकण उघडलं. पाच चकत्यांना जंतू अगदी खेटून वाढले होते. कडं फक्त सहावीभोवती.

"आता हे एकच औषध उरलं," डॉक्टर म्हणाले. "चौदा दिवस. एकही गोळी चुकवायची नाही."

आईला मी बजावलं, "ताप उतरला की गोळ्या बंद, हे तुझं जन्माचं खूळ. अर्ध्या औषधात लेचेपेचे जंतू मरतात, दांडगे उरतात. मग घरभर त्यांचीच पिलावळ!"

"बरं बाई, मास्तरीण!" ती म्हणाली.

रोज निघताना मी गोळी तिच्या हातावर ठेवायचे. गिळेपर्यंत थांबायचे नाही, बस चुकायची. दहाव्या दिवशी तर ती उठून भांडी घासत होती.

सोळाव्या दिवशी ती पुन्हा तापानं फणफणली. थर्मामीटर शोधायला तिचा बटणांचा डबा उघडला, तर तळाशी चार गोळ्या.

"आई! हे काय गं?"

"तुझा खोकला जात नाही ना," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्यामागे तुला कोण बघणार आहे? मला बरं वाटत होतं, म्हणून तुझ्यासाठी ठेवल्या."

मी तोंडाला येईल ते बोलले.

नवा नमुना लावला. दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरून चारचारदा फिरवली. सहाव्या चकतीलाही जंतू खेटले होते. शेजारच्या टेबलावरचीनं विचारलं, "कुणाचा रिपोर्ट गं?" मी खेकसले नाही, तेव्हा ती घाबरून उठूनच आली.

आईला जाऊन आता वर्ष होईल. खोकला अजून येतो, आणि घरात दुसरा आवाज नसतो. डबा तिथंच आहे. त्या गोळ्यांचा खोकल्यावर काडीचा उपयोग नाही, एवढं तिला सांगायचं राहूनच गेलं.