दाबून बघितलेला कीबोर्ड

गंगूने त्या महागड्या कीबोर्डच्या एका बटणावर अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला आणि तोंड वाकडं केलं.

"मऊ लागतो. कालच्या मासलीवानी शिला हाय."

नेरूळ स्टेशनसमोरच्या त्या दुकानात तिच्या सुनेला, रुतिकाला, धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सांगणार कोण? चाळीस वर्षं मासळी विकलेल्या सासूबाईंनी दाबून बघितल्याशिवाय पापलेट काय, उशीसुद्धा कधी घेतली नव्हती!

"मावशी, त्यो मऊच असतोय," दुकानदार उदयसिंह हसू आवरत म्हणाला. माणूस साताऱ्याकडचा, घाई कसली ती नाही. "सायलेंट हाय. साडेपाच हजार. गेम खेळायचं असंल तर ही लाल बटणं. नुसतं मेल बघायचं तर पाचशेचा साधा बी चालतोय, उगं जास्त घालू नका. आन् दिवसभर टायपिंग असंल तर हा निळ्या बटणांचा. तेवीसशे. फक्त वाजतोय लई."

रुतिकाने निळ्यावर बोटं ठेवली मात्र, ती सुटलीच! टकाटक, टकाटक. किती दिवसांनी अशी मोकळी धावली. घरी बसून ती एका कंपनीसाठी व्हिडिओखालच्या ओळी टाइप करायची. जुना कीबोर्ड अक्षरं खायचा. चुकांमुळे दोन फाइली परत आल्या होत्या. तिसरी आली की काम गेलं, असं कंपनीतल्या मॅडमने स्पष्ट सांगितलं होतं.

पण काम यायचं दुपारी. आणि पहाटे तीनला उठून मासळी आणायला धक्क्यावर जाणाऱ्या सासूबाईंची झोप तेवढीच. लग्नाला चार महिने झाले, रुतिका रोज दुपारी चोरासारखी, थांबत थांबत टाइप करत होती.

तिने हात मागे घेतला. साठवलेले सगळे पैसे जाणार होते, जाऊ देत.

"सायलेंटच द्या, दादा."

"थांब," गंगू म्हणाली. "तुजी बोटं त्या निल्यावर नाचली. मी बघितली."

"आई, पण तुमची झोप..."

"मी आडवी झाली का तुजा हात थांबतो, ता मना कलत नाय काय? तुजा सासरा सांगायचा, दर्यात इंजिन धडधडतं तवर सगले गाढ झोपतात. बंद पडलं का टुनकन उठून बसतात. माजं तसंच हाय. दुपारी घर गप झालं का माजा डोला उघडतो. वाटतं, पोरीला काय झालं? माहेरची आठवन आली काय? रडते काय?"

रुतिकाला हसू आलं आणि डोळेही भरले. तिने सासूचा पदर सारखा केला.

गंगूचं लक्ष तोवर उदयसिंहकडे गेलं होतं.

"तेवीसशे? सोन्याचा हाय काय? दोन हजार घे. आन् वर काय?"

"वर म्हंजे?"

"आमी वाट्यावर दोन बांगडे टाकतो. तू काय टाकतो?"

उदयसिंहने कपाळाला हात लावला आणि दोन हजारांतच कीबोर्ड दिला, वर एक माउसपॅड पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सारसोळे गावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत टकाटक सुरू झाली. आधी जरा बिचकत, मग बिनधास्त. बाहेरच्या खोलीत गंगू घोरू लागली, इतकी की शेजारची रखमा दारात डोकावून गेली. चारच्या सुमाराला फाइल पोचली, एकही चूक नाही. 'छान' असा मॅडमचा निरोप आला. रुतिका तो पुन्हा पुन्हा वाचत बसली.

बाहेरचं घोरणं थांबलं.

"काय गो," गंगूचा झोपाळलेला आवाज आला, "इंजिन बंद का?"

रुतिकाने पटकन नवी ओळ सुरू केली.