वरचे चार थर

घरबांधणी कचेरीतल्या मोठ्या साहेबांनो, एका बाईचे घर अर्धे उभे असताना तुम्ही तिथून मला उचलून आणलेत. साध्या भाषेत याला चोरी म्हणतात. तुमच्या भाषेत काय म्हणतात ते माझ्या पायाशी फलकावर लिहिले आहे: 'हरित घरांचा मानकरी'. अंगाला पोपटी रंग फासलात, दांडा वेल्डिंग करून जाम केलात आणि फाटकाशेजारच्या चौथऱ्यावर मला उभे केलेत. मानकऱ्याचे हातपाय असे कोण बांधून ठेवते?

मित्रांनो, तुम्ही घाबरू नका. माझे भांडण साहेबांशी आहे. तुम्ही साक्षीदार म्हणून ऐका, म्हणजे झाले.

मी एक जुना साचा आहे. मातीच्या विटा दाबून काढणारा, लोखंडी, हाताने चालणारा. मला वीज लागत नाही, भट्टी लागत नाही, झाडे तोडून जाळावी लागत नाहीत. भंगारात निघालेल्या ट्रकच्या सांगाड्यातून एका वेल्डरने मला घडवले. माझा दांडा पाण्याच्या पाइपाचा, चांगला पुरुषभर उंचीचा.

मला करून घेतले ओळंबामावशीने. ही गवंडीकाम करणारी बाई. भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारे दोरीचे वजन, म्हणजे ओळंबा, ती सदा कमरेला खोचून असे. लोकांनी तेच नाव ठेवले.

"मावशी, चालेल की नाही सांगता येत नाही हं," वेल्डर म्हणाला होता.

"तू कर. नाही चाललं तर तुझ्याच दारात आणून टाकीन. येता-जाता ठेच लागू दे तुला."

पहिली वीट निघाली ती कोपरा तुटलेली.

"कान तुटलाय हिचा," वेल्डर म्हणाला.

"तुझाच धरायला हवा," मावशी म्हणाली आणि तिने झाकण घासून नीट बसवून घेतले. दुसरी वीट अशी निघाली की वेल्डरने तिच्या कडेवरून चार वेळा बोट फिरवले.

माझे काम सोपे आहे, पण ते नीट करावे लागते. ज्याच्या जागेत घर, तिथलीच माती चाळायची, त्यात थोडे सिमेंट आणि बेताचे पाणी घालायचे. मावशी मातीचा गोळा वळून छातीइतक्या उंचीवरून खाली सोडायची. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा बसला तर जास्त. चार-पाच तुकडे झाले की म्हणायची, "चला, भरा." माती पेटीत भरायची, झाकण लावायचे, दोघांनी दांड्याला लोंबकळायचे. मग दांडा उलटा फिरवला की वीट वर येते. ती तशीच वापरायची नाही. ओल्या गोणपाटाखाली तिला एकवीस दिवस ठेवायचे. हे एकवीस दिवस लक्षात ठेवा. साहेबांना ते लक्षात ठेवता आले नाहीत.

अकरा घरे उभी राहिली माझ्या विटांची. जाड भिंती, छपराखाली गरम हवा बाहेर जायला झरोके, आणि भिंतीवर ऊन पडू नये म्हणून छपराला रुंद वळचण. पोस्टमनने घर बांधले, मग शिंपीणबाईंनी. या बाईंचे बोलणे मला अजून आठवते. "मावशी, माझा पंखा बिघडला होता म्हणे. मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं. आठ दिवस मी बटणच दाबलं नव्हतं!" आयुष्यात माझे एवढे कौतुक कुणी केले नाही. त्या भाषणबाज पाहुण्यांनीही नाही. त्यांची गोष्ट पुढे येते.

अकरा घरे दुसऱ्यांची बांधून झाल्यावर मावशीने स्वतःचे बांधायला घेतले. ती, नवरा आणि सासूबाई पत्र्याच्या खोलीत राहतात. भिंती पत्र्याच्या, छप्पर पत्र्याचे. सासूबाईंना दमा आहे. दुपारी पत्रा तापला की त्या ओले फडके डोक्यावर घेऊन उंबऱ्यात बसतात, आत श्वास घेता येत नाही म्हणून. मावशीने ठरवले होते, पुढचा उन्हाळा यांनी मातीच्या भिंतीआड काढायचा. पत्र्याच्या खोलीशेजारीच दोन खोल्यांच्या भिंती चढल्या. दारे-खिडक्यांच्या वरपर्यंत काम आले. राहिले वरचे चार थर, ज्यांत झरोके यायचे. तीनशे विटा.

तेवढ्यात याच कचेरीतून तपासणीचे साहेब आले. हातात फॉर्म.

"ही वीट भाजलेली का?"

"नाही साहेब, दाबलेली."

"मग सिमेंटचा ठोकळा?"

"माती आहे, थोडं सिमेंट आहे."

"बाई, फॉर्मात दोनच रकाने आहेत. काय लिहू?"

"तिसरा आखा ना. पट्टी देऊ?"

साहेबांना विनोद कळला नाही. त्यांनी पाण्याची बादली मागवली. विटा भिंतीत एकोणीसशे होत्या, पक्क्या झालेल्या, टणक. पण भिंतीतली वीट काढायला कष्ट पडतात. साहेबांनी गोणपाट उचलले आणि हाताला लागली ती वीट घेतली.

"ती नको साहेब! परवाची आहे ती. एकवीस दिवस व्हायचेत अजून."

"पाण्यात टिकते का, एवढंच बघायचंय."

वीट बादलीत टाकून ते फोनवर बोलत बसले. परत आले तेव्हा बादलीत चिखल होता.

"बघा. विरघळली."

"अहो, तीन दिवसांच्या पोराला उभं केलंत तर ते पडणारच. पोराचं काय चुकलं?"

"पोराचं नंतर बघू," म्हणत साहेबांनी लिहिले: घर कच्चे, काम बंद, साचा तपासणीसाठी ताब्यात. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, "अरे शहाण्या, ती बादली भिंतीवर ओत!" पण मला फक्त दांडा आहे, आणि तो मी स्वतः हलवू शकत नाही.

माझी तपासणी कुणी केली? कुणीही नाही. गोदामात मोडक्या खुर्च्यांखाली सात महिने पडून होतो. मग ऊर्जा बचतीचा सप्ताह आला, मोठे पाहुणे येणार म्हणून दाखवायला काहीतरी हवे होते, आणि कुणाच्या तरी पायाला मी लागलो. लगेच रंग, लगेच चौथरा, लगेच दांड्याला हार. "अशा साध्या यंत्रांतूनच उद्याची स्वस्त आणि थंड घरे उभी राहतील," पाहुणे म्हणाले. तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या कोण वाजवत होते? तेच बादलीवाले साहेब. आणि कचेरी स्वतः कशी आहे, बघितलीत? पश्चिमेला सगळी काच. आत हुडहुडी भरते आणि चार एसींची डबडी बाहेर, माझ्या पाठीवर, दिवसभर गरम वाफ सोडतात. बचतीचा सप्ताह!

गेल्या आठवड्यात मावशी आली. खिडकीत कारकूनबाई होत्या.

"साचा परत द्या आमचा."

"मावशी, तो आता प्रदर्शनात आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हलवता येत नाही."

"अहो ताई, मी त्याला फिरायला नेत नाहीये. तीनशे विटा काढते आणि आणून ठेवते. हवं तर रंगही देते परत."

"पण तुमचं काम तर बंद आहे ना? कच्चं घर म्हणून?"

"मग ज्यानं कच्चं घर केलं त्याला हार कशाला घातलात?"

कारकूनबाईंनी मागे साहेबांच्या दाराकडे पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे हो. पण मी कुणाला सांगू?"

मावशी माझ्यापाशी आली. माझ्या दांड्यावर पहारेकऱ्याने डब्याची पिशवी अडकवली होती. तिने ती उतरवून ठेवली, नखाने रंग खरवडून आतला गंज पाहिला आणि म्हणाली, "ग्रीससुद्धा लावलं नाही रे मेल्यांनी." मग निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी कामाची वस्तू असेल तर तिला तेल द्या, तिला वापरा, आणि ज्याला गरज आहे त्याला ती द्या. हार घालून तिला बसवून ठेवू नका. बसून बसून लोखंड मरते.

आणि साहेबांनो, आता तुमच्याकडे वळतो. जाताना मावशी पहारेकऱ्याला सांगत होती, ते मी ऐकले. सासूबाई हल्ली दुपारी पत्र्याखाली थांबतच नाहीत. काठी टेकत त्या अर्ध्या घरात जातात. वर छप्पर नाही, मावशीने नुसते ताडपत्रीचे फडके ताणले आहे. तरी त्या भिंतीला पाठ लावून झोपतात, कारण तिथे त्यांना श्वास येतो. तुम्ही एकदा भर दुपारी दोन वाजता तिकडे जा. तासभर पत्र्याच्या खोलीत बसा, तासभर त्या भिंतीआड. मग फॉर्म काढा आणि त्या म्हातारीसमोर, मोठ्याने सांगा: यातले कच्चे घर कोणते?